व्याप्ती आणि सहसंबंध : तर्कशास्त्र व संख्याशास्त्र यांतील काही जुळे शब्द

गेल्या वर्षीची गोष्ट. द्वितीय वर्ष कला वर्गाच्या चाचणी परीक्षेत मी एक साधा प्रश्न घातला होता : ‘मध्यपद म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा.’ एका विद्यार्थिनीने उत्तर लिहिले होते की, सर्व पदे चढत्या क्रमाने मांडली असता बरोबर मधोमध जे पद येते त्यास मध्यपद म्हणतात. उदाहरणादाखल तिने पाच विद्यार्थ्यांचे गुण ओळीने मांडून तिसऱ्या आकड्याभोवती वर्तुळही काढले होते. मी समासात शून्य लिहिले आणि पुढची उत्तरपत्रिका उचलली. मग थोडे हसू आले. मुलगी अर्थशास्त्राची; तिला संख्याशास्त्राचाही पेपर होता. तिने जे लिहिले ते चुकीचे मुळीच नव्हते. ते शेजारच्या शास्त्रातले होते, एवढेच. संख्याशास्त्रातला ‘मध्यक’ तिने तर्कशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत आणून बसविला होता. संविधानातले मध्यपद हे दोन्ही आधारविधानांत येते आणि निष्कर्षातून नाहीसे होते. लग्न जुळवून देणारा मध्यस्थ जसा मांडवात दिसत नाही, तसे. त्याचा मधोमध असण्याशी काही संबंध नाही.

उत्तरपत्रिका परत दिल्यावर ती खोलीत आली आणि म्हणाली, “सर, दोन्ही शास्त्रे विचारच शिकवतात ना? मग शब्द सारखे आणि अर्थ वेगळे, असे का?” त्या वेळी मी तिला काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. प्रस्तुत लेख हे तिचे राहिलेले देणे आहे. (शून्याचा अर्धा गुणही करून दिला. तो नियमात बसत नाही, हे मला ठाऊक आहे.)

असे जुळे शब्द पुष्कळ आहेत. ‘प्रमाण’ हाच शब्द घ्या. न्यायशास्त्रात प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणे. संख्याशास्त्राच्या पुस्तकात ‘स्त्रियांचे प्रमाण’ म्हटले की तो गुणोत्तराचा विषय होतो आणि ‘प्रमाण विचलन’ म्हटले की तो आकड्यांच्या पसाऱ्याचा विषय होतो. येथे अर्थ इतके दूरचे आहेत की फसगत होण्याची भीती नाही. फसगत होते ती अर्थ जवळचे असतात तेथे.

‘अनुमान’ हा त्यांतला पहिला. निगामी अनुमानात आधारविधाने मान्य केली की निष्कर्ष नाकारता येत नाही. संख्याशास्त्रीय अनुमान नमुन्यावरून समूहाकडे जाते. आपल्याकडील ‘शितावरून भाताची परीक्षा’ हे त्याचे जुने आणि उत्तम उदाहरण होय. परंतु शितावरून भात का कळतो? एकाच पातेल्यात, एकाच उकळत्या पाण्यात सगळी शिते शिजत असतात म्हणून. चुलीवरचे पातेले कलते असेल, एका बाजूला पाणी कमी पडले असेल, तर वरचे शीत मऊ आणि तळचा भात कच्चा, असे होणारच. गृहिणी म्हणूनच आधी पळी फिरवते. संख्याशास्त्रज्ञ ज्याला यादृच्छिक नमुना म्हणतो ती ही पळी. तर्कशास्त्र विचारते, ‘हा निष्कर्ष आधारांतून निघतो का?’ संख्याशास्त्र विचारते, ‘या रीतीने पुन्हा पुन्हा शिते उचलली, तर किती वेळा आणि कितपत चूक होईल?’ पहिला प्रश्न विधानांविषयी आहे, दुसरा रीतीविषयी.

आता मुख्य शब्दाकडे येतो. नैयायिकांच्या अनुमानाचा कणा म्हणजे व्याप्ती. जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हे नियत साहचर्य. पर्वतावर धूर दिसला, म्हणून तेथे अग्नी आहे असे आपण म्हणतो ते या व्याप्तीच्या बळावर. ही व्याप्ती एकाही ठिकाणी मोडून चालत नाही. धूर आहे पण अग्नी नाही असे एक जरी स्थळ दाखविता आले, तरी हेतू व्यभिचारी ठरला आणि अनुमान कोसळले. पाश्चात्त्य तर्कशास्त्रही सार्वत्रिक विधानाबाबत हेच सांगते. ‘सर्व हंस पांढरे असतात’ हे विधान खोटे ठरविण्यास एक काळा हंस पुरतो.

संख्याशास्त्रातला सहसंबंध वरवर पाहता व्याप्तीचा सख्खा भाऊ वाटतो. दोन गोष्टी एकत्र आढळतात, हेच दोघांचे सांगणे. पण सहसंबंध अपवादाने मोडत नाही. तो अपवाद पोटात घेऊनच जन्माला येतो. हा फरक मी पुस्तकात वाचून शिकलो असे सांगता आले असते तर बरे झाले असते.

१९८६ साली मी तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. करीत होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि दिवसाला विडीचे एक बंडल संपवीत. खोकला होताच. आईने एकदा जेवताना विषय काढला की विडीने कर्करोग होतो असे सगळे म्हणतात, आता तरी सोडा. अण्णा म्हणाले, “आपल्या गल्लीतले तात्या बघ. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. दोन बंडले ओढतात आणि विहिरीचे पाणी स्वतः शेंदतात.” आई माझ्याकडे वळून म्हणाली, “तू एवढा शिकलास, तू तरी सांग यांना.” मी सांगितले. एम. ए. च्या विद्यार्थ्याच्या सगळ्या ऐटीत सांगितले, की ‘विडी ओढणाऱ्यास कर्करोग होतो’ हे सार्वत्रिक विधान आहे. तात्या हे त्याचे व्यभिचारी उदाहरण आहे. सबब विधान असत्य आहे. अण्णांना इतका आनंद झाला की पुढे कित्येक दिवस येईल त्याला ते हे सांगत : आमचा मुलगा तर्कशास्त्र शिकतो, त्यानेच सिद्ध करून दिले. आई त्या दिवशी पुढे काही बोलली नाही.

माझ्या युक्तिवादात निगामी तर्कशास्त्राच्या दृष्टीने एकही चूक नव्हती. चूक होती ती विधान ओळखण्यात. डॉक्टर लोक जे म्हणत होते ते ‘सर्व’ या शब्दाने सुरू होणारे विधान नव्हतेच. मी ते परस्पर सार्वत्रिक करून घेतले आणि मग मोठ्या पराक्रमाने मोडले.

ते विधान कसे होते हे मला पुष्कळ उशिरा, रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्या १९५० सालच्या निबंधाची माहिती झाल्यावर कळले. लंडनमधील रुग्णालयांतून त्यांनी फुप्फुसाचा कर्करोग झालेले ६४९ पुरुष घेतले आणि त्यांच्या जोडीला इतर आजारांचे तितकेच, म्हणजे ६४९ पुरुष घेतले. कर्करोग्यांपैकी कधीही धूम्रपान न केलेले होते २; इतर रुग्णांत असे होते २७. आता या आकड्यांना नैयायिकाच्या नजरेने पाहा. ‘जेथे धूम्रपान तेथे कर्करोग’ अशी व्याप्ती मांडावी, तर इतर रुग्णांतले ६२२ जण उठून उभे राहतात. ते ओढीत होते आणि त्यांना हा कर्करोग नव्हता. बरे, उलट बाजूने ‘जेथे हा कर्करोग तेथे धूम्रपान’ म्हणावे, तर ते दोघे आडवे येतात. व्याप्ती दोन्हीकडून मेली. आमच्या गल्लीत एक तात्या होते. डॉल आणि हिल यांच्या कोष्टकात सहाशे बावीस तात्या होते, आणि ते त्यांनी लपविले नव्हते, छापले होते. तरीही दोघांत आणि सत्तावीसांत जो फरक आहे, आणि अधिक ओढणाऱ्यांत रोग अधिक आढळतो ही जी चढती पायरी आहे, ती केवळ योगायोगाने पडावी अशी नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच, पण ते भक्कम होते. त्यावर तात्यांचे नाव सांगणे म्हणजे ‘या वर्षी पाऊस सरासरीपेक्षा कमी झाला’ असे म्हणणाऱ्याला ‘पण त्या मंगळवारी मी भिजलो’ असे उत्तर देण्यासारखे आहे.

अण्णा १९९१ साली गेले. फुप्फुसाचाच आजार होता. तो विडीनेच झाला असे मी म्हणत नाही. एका माणसाविषयी तसे ठामपणे म्हणता येत नाही, हेही संख्याशास्त्राचेच सांगणे आहे. पण त्या दिवशी जेवणाच्या ताटावर मी जे ‘सिद्ध’ केले, ते सिद्ध झालेले नव्हते.

येथे एक गोष्ट न्यायशास्त्राच्या बाजूने नोंदविली पाहिजे, नाहीतर त्या शास्त्रावर अन्याय होईल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांत व्याप्ती आहेच असे मानण्याचा भाबडेपणा नैयायिकांनी कधी केला नाही. त्यांनी उलट प्रश्न विचारला : धूर तेथे अग्नी हे ठीक, पण अग्नी तेथे धूर, असे का म्हणता येत नाही? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. मग एरवी अग्नीबरोबर धूर दिसतो तो कशामुळे? ओल्या सरपणामुळे. सरपण ओले असले तरच धूर. या ओल्या सरपणाला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही हेच उदाहरण येते. उपाधीचे लक्षण सोप्या मराठीत सांगायचे तर असे, की जी साध्याला सर्वत्र व्यापते पण हेतूला सर्वत्र व्यापीत नाही ती उपाधी. जेथे जेथे धूर तेथे ओले सरपण आहेच. पण जेथे जेथे अग्नी तेथे ते असतेच असे नाही. चार्वाकाने यावरच बोट ठेवले होते : उपाधी नाहीच, अशी तुमची खात्री कधी आणि कशी होणार?

संख्याशास्त्राच्या आजच्या पुस्तकांतही अशा पडद्याआडच्या, गोंधळ घालणाऱ्या घटकाची सतत धास्ती असते. आइसक्रीमचा खप वाढला की बुडून मरणारेही वाढतात. दोन्हींच्या मागे उन्हाळा. हा उन्हाळा म्हणजे आपले ओले सरपणच की! मी वर्गात ‘उपाधी’ शिकविताना आता हेच उदाहरण देतो.

आणि गंमत अशी की, चार्वाकाची भूमिका या वादात घेतली ती विसाव्या शतकातील सर्वांत मोठ्या संख्याशास्त्रज्ञाने. रोनाल्ड फिशर स्वतः पाइप ओढीत. १९५७ व १९५८ साली त्यांनी लिहिले की, धूम्रपान आणि कर्करोग एकत्र आढळतात म्हणून पहिल्याने दुसरा होतो असे ठरत नाही. एखादी आनुवंशिक प्रकृती अशी असू शकेल, की जिच्यामुळे माणसाला ओढण्याची तलफही लागते आणि कर्करोगही होतो. म्हणजे अन्नंभट्टाच्या भाषेत, येथे उपाधी आहे. फिशर त्या वेळी तंबाखू उत्पादकांच्या मंडळाचे सल्लागार होते, हे सांगितले पाहिजे. पण म्हणून त्यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या बाद होत नाही. माणसाच्या हेतूवर बोट ठेवून युक्तिवाद मोडता येत नाही, हे आम्हीच वर्गात शिकवितो.

त्याला जे उत्तर मिळाले ते मला या साऱ्या विषयातले सर्वांत सुंदर स्थळ वाटते. १९५९ साली अमेरिकेत जेरोम कॉर्नफील्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले : समजा, धूम्रपान करणाऱ्यांत हा कर्करोग इतरांच्या नऊपट आढळतो, आणि समजा धूम्रपानाचा त्यात काही दोष नाही, सारा दोष एका उपाधीचा आहे. तर ती उपाधी धूम्रपान करणाऱ्यांत इतरांच्या निदान नऊपट आढळली पाहिजे. त्याहून कमी असेल तर तिला हा भार पेलणारच नाही. अशी एवढी जबरदस्त प्रकृती कोणती, ते दाखवा. ती कोणी दाखवू शकले नाही. न्यायशास्त्रात उपाधी एक तर असते किंवा नसते. म्हणून चार्वाकाचे तोंड बंद करणे कठीण जाते. कॉर्नफील्ड यांनी ‘आहे की नाही’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘असल्यास केवढी असली पाहिजे’ असे विचारले, आणि शंकेलाच वजनकाट्यावर उभे केले. दोन्ही शास्त्रांतले अंतर एका वाक्यात कोणी विचारलेच, तर मी या उत्तराकडे बोट दाखवीन.

यानंतर ‘परिवर्तन’. तर्कशास्त्राच्या पहिल्या इयत्तेतला हा पाठ. उद्देश्य आणि विधेय यांची अदलाबदल म्हणजे परिवर्तन. ‘सर्व कावळे पक्षी आहेत’ यावरून ‘सर्व पक्षी कावळे आहेत’ असे म्हणता येत नाही. फार तर ‘काही पक्षी कावळे आहेत’ असे म्हणता येते. हे कोणालाही पटते. पण ‘सर्व’ च्या जागी शेकडेवारी आली की भल्याभल्यांचे पाय घसरतात. १९७८ साली हार्वर्डच्या रुग्णालयांतील ६० जणांना, त्यांत वरिष्ठ डॉक्टर, निवासी डॉक्टर आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी असे वीस वीस होते, पुढील प्रश्न विचारला गेला. एक रोग हजारांत एकाला होतो. त्याची चाचणी निरोगी माणसांपैकी शेकडा पाच जणांना चुकून रोगी ठरविते. एकाची चाचणी रोग दाखविते. त्याच्याविषयी आणखी काहीच माहिती नाही. तर त्याला खरोखर रोग असण्याची संभाव्यता किती? साठांपैकी २७ जणांनी उत्तर दिले, शेकडा ९५. मी हा प्रश्न प्रथम वाचला तेव्हा माझ्याही मनात ९५ च आले. वीस वर्षे परिवर्तन शिकविणाऱ्या माणसाच्या!

आता हजार माणसे डोळ्यांपुढे उभी करा. खरा रोगी एक. तो चाचणीतून सुटत नाही असे धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांत शेकडा पाच, म्हणजे सुमारे पन्नास, चुकून रोगी ठरतील. एकूण एक्कावन्न जणांच्या हाती भीतिदायक कागद पडेल आणि त्यांत खरा रोगी एक. म्हणजे शेकडा दोन. ६० पैकी ११ जणांनी हे उत्तर बरोबर दिले होते. ‘निरोग्यांपैकी चाचणीत चुकणारे’ आणि ‘चाचणीत सापडलेल्यांपैकी निरोगी’ हे दोन निराळे समूह आहेत; आपण त्यांचे गुपचूप परिवर्तन करून मोकळे होतो. तर्कशास्त्र येथे नुसते ‘परवानगी नाही’ म्हणून थांबते. संख्याशास्त्र म्हणते, परवानगी आहे, पण आधी रोग मुळात किती जणांना होतो तो आकडा आणा. थॉमस बेझ यांचा जो निबंध त्यांच्या निधनानंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला, त्यातून निघालेला हा मार्ग आहे.

‘सार्थक’ या शब्दाने होणारा घोटाळा याच कुळातला. आपल्या बोलण्यात सार्थक होणे म्हणजे कृतार्थ होणे. जन्माचे सार्थक, कष्टांचे सार्थक. संख्याशास्त्रात एखादा फरक ‘सार्थक’ ठरला, की वाचणाऱ्याला वाटते तो मोठा आहे, महत्त्वाचा आहे, किंबहुना सिद्ध झालेला आहे. प्रत्यक्षात अर्थ एवढाच असतो, की फरक मुळात नाही असे धरून चाललो, तर इतका किंवा याहून मोठा फरक केवळ योगायोगाने क्वचितच दिसता. ‘क्वचित’ म्हणजे वीसांत एकदा, ही रूढी बहुतांशी फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे पडली. यावरून ‘फरक नाही’ हे म्हणणे खरे असण्याची संभाव्यता वीसांत एक आहे, असे लोक बिनदिक्कत म्हणतात. हे पुन्हा ते परिवर्तनच. अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेला २०१६ साली जाहीर निवेदन काढून हा समज चुकीचा आहे असे सांगावे लागले.

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे आणखी एक मोह होतो. उत्तरांग नाकारून पूर्वांग नाकारणे ही युक्त रीत आपल्याला पाठ असते : पाऊस पडला असेल तर अंगण ओले असेल, अंगण ओले नाही, म्हणून पाऊस पडलेला नाही. सार्थकतेची चाचणी दिसायला अगदी अशीच दिसते. पण तीत ‘फारसे संभवत नाही’ हे शब्द घालून पाहा : लॉटरीची सोडत सचोटीने झाली असेल तर शेजारच्या गृहस्थांना पहिले बक्षीस लागणे फारसे संभवत नाही, त्यांना ते लागले, म्हणून सोडतीत लबाडी झाली. शेजाऱ्यांशी भांडण व्हायला एवढे पुरे आहे! कोणाला तरी ते बक्षीस लागणारच होते. ‘अशक्य’ आणि ‘असंभाव्य’ हे शब्द मराठीत शेजारी राहतात, पण त्यांच्यामध्ये भिंत आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाविषयी लिहावयाचे राहिलेच. तर्कशास्त्रातील दोन स्वतंत्र विधाने आणि संख्याशास्त्रातील दोन स्वतंत्र घटना यांत काय साम्य आहे, आणि ज्या दोन घटना एकत्र घडूच शकत नाहीत त्यांना विद्यार्थी हटकून ‘स्वतंत्र’ का म्हणतात, हा प्रश्न त्याच विद्यार्थिनीने या वर्षी पुन्हा खोलीत येऊन विचारला आहे. संपादक मंडळाने दिलेली पाने मात्र संपली. ते पुढील अंकी.